फॉर्मल नाइटला लोक खरंच सूट-बूट घालतात का?

प्रश्न : मुलीनं आम्हा दोघांसाठी पुढच्या जूनमध्ये सिएटलहून निघणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ बुक केली आहे. माहितीपत्रकात दोन 'फॉर्मल नाइट' लिहिल्या आहेत. मिस्टरांनी निवृत्तीनंतर टाय बांधलेला नाही आणि आता बांधणार नाही म्हणतात. लोक हे नियम खरंच पाळतात का? नाही पाळले तर दारातून परत पाठवतात का? मी साडी नेसले तर चालेल का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. साडी नेसलेल्या बाईला फॉर्मल नाइटला दारावरचा माणूस निरखून बघत बसत नाही, सरळ खुर्ची ओढायला धावतो. बाकीच्या दोन प्रश्नांना जरा वेळ लागेल.

मी बावीस वर्षं जहाजांच्या डायनिंग रूममध्ये काढली. दादर केटरिंगमधून बाहेर पडलो, असिस्टंट वेटर म्हणून साइन ऑन केलं, पाण्याचे ग्लास भरता भरता वेटर झालो, मग हेड वेटर, आणि शेवटची सात वर्षं मेत्र डी. म्हणजे डायनिंग रूमच्या दारात उभा राहणारा, टेबलं वाटणारा आणि सगळ्यांचं ऐकून घेणारा माणूस. कपड्यांचा नियम कंपनी कागदावर लिहिते आणि तो पाळायला लावायचं लोढणं याच माणसाच्या गळ्यात अडकवते. तेव्हा हे उत्तर दारात उभं राहून पाहिलेलं आहे.

तुम्ही कंपनीचं नाव लिहिलेलं नाही. नसलं तरी फारसं अडत नाही. जहाज कुठल्या बंदरातून सुटतं आणि वाटेत किती दिवस नुसता समुद्र आहे, एवढं कळलं तरी त्या रात्री डायनिंग रूममध्ये किती जॅकेटं दिसतील याचा अंदाज मी घरी बसून सांगतो. कंपनीचं नाव त्यानंतर.

का ते बघा. क्युनार्ड या ब्रिटिश कंपनीचं 'क्वीन मेरी २' हे जहाज 2004पासून साउथहॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशा फेऱ्या करतंय. बहुतेक वेळा सात रात्री, मध्ये एकही बंदर नाही. दिवसभर बाहेर करडा अटलांटिक, आत चहा, व्याख्यानं, पत्ते आणि नाचाची तालीम. साउथहॅम्प्टनला बसणारा इंग्रज प्रवासी घरून गाडीनं किंवा बसनं थेट धक्क्यावर येतो. त्याची बॅग कुणी काट्यावर ठेवत नाही. तो दोन सूट, लखलखीत बूट, बायकोचे चार गाउन आणि एक हॅटबॉक्स असं सगळं घेऊन येतो, कारण आणता येतं. त्यामुळे तिथे गाला संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या फॉर्मल नाइटला, डिनर जॅकेट न घातलेला पुरुषच उठून दिसतो. नाही तर गडद सूट आणि टाय. स्कॉटिश मंडळी किल्ट घालून येतात, कुणी लष्करी गणवेशात, कुणी आपल्या देशाच्या पोशाखात, आणि हे सगळं नियमातच बसतं. साध्या संध्याकाळचा नियम तिथेही पूर्वीपेक्षा सैल झालाय, पण गालाच्या रात्री मात्र तो डायनिंग रूमच्या दारापाशी संपत नाही. संध्याकाळी सहानंतर जवळजवळ सगळ्या जहाजाला लागू होतो. ज्याला नटायचं नाही त्यानं किंग्ज कोर्टच्या बुफेत जेवावं, गोल्डन लायन पबमध्ये बसावं. इतकं स्वच्छ सांगितलेलं असतं म्हणून भांडणंही कमी.

आता मायामीहून सुटणारी तीन-चार रात्रींची बहामाची फेरी घ्या. निम्मे लोक विमानानं आलेले, विमान कंपनी बॅगेचे वेगळे पैसे घेते म्हणून एकच केबिन बॅग. दिवसा किनाऱ्यावर, पाच वाजता जहाजावर परत, खांदे उन्हानं लाल, केसांत वाळू, आणि सहाच्या सीटिंगला जेवायला यायचंय. त्या माणसाला तुम्ही बो टाय लावून ये म्हणालात तर तो हसेल तरी किंवा वर बुफेत जाईल तरी. म्हणूनच फॉर्मल नाइट शक्यतो समुद्रातल्या दिवशी ठेवतात. बंदराच्या दिवशी ती ठेवली की फसलीच म्हणून समजा.

अलास्का या दोन टोकांच्या मध्ये येतं, पण बहामाच्या बाजूला जास्त झुकलेलं. बॅगेतली जागा गरम कपडे, रेनकोट आणि चालायचे बूट आधीच खाऊन बसतात. लोक तिथे हिमनद्या, अस्वलं आणि देवमासे बघायला आलेले असतात. तुमच्या जहाजावर बहुधा दुसरा दिवस आणि हिमनदीचा दिवस, म्हणजे ज्या दिवशी कुठे उतरायचं नसतं, अशा फॉर्मल नाइट असतील. काय दिसेल ते सांगतो. थोडे टक्सिडो, म्हणजे डिनर जॅकेट आणि बो टाय, बहुतेक लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेली किंवा क्रूझची सवय झालेली वयस्कर जोडपी. त्याहून जास्त सूट किंवा ब्लेझर. आणि सगळ्यांत मोठा घोळका पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पॅन्ट, टाय नाही, अशा पुरुषांचा. बायका मात्र जवळजवळ सगळ्याच नीट तयार होऊन आलेल्या. हे मी प्रत्येक जहाजावर पाहिलं. नवरा कुरकुरत जॅकेट चढवतो ते नियमासाठी नव्हे, शेजारी चालणाऱ्या बायकोच्या साडेचार तासांच्या तयारीला साजेसं दिसावं म्हणून. साडेचार जरा वाढवून सांगितले.

जॅकेटचं आयुष्यही गमतीचं असतं. लिफ्टच्या बाहेर फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात. कुठे जिन्याचं चित्र, कुठे सूर्यास्त. तिथे जॅकेटची बटणं लावलेली असतात. टेबलावर बसलं की बटण सुटतं. सूप गेलं की जॅकेट खुर्चीच्या पाठीवर. शेवटचं आइस्क्रीमचं गोड, बेक्ड अलास्का, येईपर्यंत निम्मी डायनिंग रूम शर्टावर आणि आम्ही वेटर मात्र गळ्यापर्यंत बंद. फॉर्मल नाइटचा नियम जहाजावर शंभर टक्के कोण पाळत असेल, तर आम्ही. काही कंपन्यांत त्या रात्री आमचे वेस्टकोट आणि बो वेगळे असत, आणि एका काँट्रॅक्टवर पांढरे हातमोजेही होते, ज्यांनी लॉबस्टरची शेपटी धरणं म्हणजे दिव्य.

आता दारातून परत पाठवतात का, ते. पाठवतात, पण जॅकेट नाही म्हणून नव्हे. अमेरिकन धाटणीच्या मोठ्या जहाजांवर दारात खरोखर अडवलं जातं ते पोहायच्या कपड्यांना, पुरुषांच्या बिनबाह्यांच्या बनियनला, जिमच्या शॉर्ट्सना आणि डोक्यावरच्या कॅपला. तेही हळूच. "सर, कॅप तेवढी काढता का?" एवढं म्हटलं की काम होतं. टाय नाही म्हणून मी एकालाही परत पाठवलेलं नाही. माझ्या कपाटात सात-आठ काळी जॅकेटं असायची, बहुतेक बेचाळीस ते शेहेचाळीसच्या मापाची, सगळ्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास. कुणी अगदी चप्पल-टीशर्टावर आला आणि आत यायचा हट्ट धरला तर जॅकेट पुढे करायचं. दहापैकी नऊ जण ते जॅकेट बघून स्वतःच केबिनमध्ये जाऊन शर्ट बदलून यायचे. ते कपाट त्यासाठीच होतं, असं मला नंतर कळलं.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, ती अजून टोचते. हेड वेटर होतो तेव्हा. कंपनीचं नाव सांगत नाही. फॉर्मल नाइट, दारात गर्दी, आणि जीन्स घातलेला एक मध्यमवयीन माणूस, बरोबर निळा गाउन घातलेली बायको. माझ्या वरच्यानं त्या आठवड्यात कडक राहायला सांगितलं होतं. मी त्यांना वरच्या मजल्यावरच्या बुफेचा रस्ता दाखवला. ते काही न बोलता वळले. दुसऱ्या दिवशी केबिन स्टीवर्डकडून कळलं, विमान कंपनीनं त्या माणसाची बॅग हरवली होती. तीन दिवस तो एकाच जीन्सवर होता. त्या रात्री दोघांनी केबिनमध्ये सँडविच मागवून खाल्लं, तिनं गाउन न बदलताच. पुढच्या रात्री मी स्वतः जाऊन माफी मागितली, खिडकीचं टेबल दिलं, त्यांनी ते घेतलंही. पण तेव्हापासून दारात कुणाचे कपडे खटकले की माझा पहिला प्रश्न "बॅग मिळाली ना, सर?" हाच असायचा.

बॅगेवरून आठवलं. फॉर्मल नाइट पहिल्या रात्री का नसते? कारण दुपारी धक्क्यावर दिलेली बॅग केबिनच्या दाराशी यायला कधी कधी रात्रीचे नऊ वाजतात. ही रीत आजची नाही. जुन्या आगबोटींच्या काळात फर्स्ट क्लासमध्ये रोज रात्री जेवायला नटून यायचा दंडक होता, पण पहिली आणि शेवटची रात्र त्यातून सोडलेली असे, कारण पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री परत बांधलेल्या असत. कपड्यांच्या नियमाचं गाडं तेव्हापासून सामानाच्या मागेच चालतंय.

या पोशाखात आपलाही एक धागा आहे. टक्सिडोच्या कमरेला जो रुंद रेशमी पट्टा असतो, त्याला इंग्रज 'कमरबंड' म्हणतात. तो आपला कमरबंद. फारसीतून इथे आलेला शब्द हिंदुस्थानातल्या गोऱ्या अंमलदारांनी उचलला, उकाड्यात वेस्टकोट नको म्हणून कमरेला पट्टा गुंडाळू लागले. पुढे तांबड्या समुद्रातल्या उष्म्यात जॅकेटही काढलं आणि पांढरा शर्ट, काळी पॅन्ट, कमरबंद एवढ्यावर जेवायला बसायची रीत पडली. तिचं नावच 'रेड सी रिग'. म्हणजे घाम आला की नियम वाकतो, हे साहेबानंसुद्धा मान्य केलं होतं. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींच्या जेवणघरात वाढणारे स्टीवर्ड बहुतेक गोव्याचे. मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोव्यातल्या गावांनी चालवलेल्या वसतिगृहांत, राहून बोटीची वाट बघणारे. माझ्या पहिल्या काँट्रॅक्टला ज्यानं मला बो बांधायला शिकवलं तो साळसेतचा होता, त्याचे वडील आणि आजोबाही बोटीवर. आरशाशिवाय बांधायचा.

आणि कपडे चुकण्याची भीती वाटते म्हणून लाजू नका. गांधीजी 1888 साली मुंबईहून विलायतेला निघाले तेव्हा बोटीवर काळा सूट वापरत आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायला राखून ठेवलेला. उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आलेला, आणि असे कपडे घातलेले तेच एकटे. त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय. काटा-चमचा धरता येत नव्हता आणि कशात मांस आहे ते विचारायची हिंमत नव्हती, म्हणून ते बोटीवर टेबलाला गेलेच नाहीत, केबिनमध्ये घरून नेलेली मिठाई आणि फळं खाल्ली. आज असं करू नका. आदल्या रात्री हेड वेटरला शाकाहारी आहोत म्हणून सांगून ठेवलं की लॉबस्टरच्या रात्रीसुद्धा तुमच्यासमोर डाळ, भाजी, भात येतो. किचनमध्ये आपला माणूस निघतोच.

कंपन्यांचं म्हणाल तर त्या या नियमातून हळूहळू अंग काढून घेतायत. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं 2000 साली 'फ्रीस्टाइल' आणलं आणि ठरलेली जेवणाची वेळ, ठरलेलं टेबल, फॉर्मलची सक्ती, सगळं एकदम काढून टाकलं. सेलिब्रिटी क्रूझेसनं 2015च्या अखेरीस 'फॉर्मल' हा शब्दच बदलून 'इव्हनिंग शिक' केला. त्यात टाय ऐच्छिक. वायकिंगच्या समुद्रातल्या जहाजांवर फॉर्मल नाइट नाहीच. व्हर्जिन व्होयेजेसनं भलतीच शक्कल काढली. त्यांच्या 'स्कार्लेट नाइट'ला सगळ्यांनी लाल घालायचं, बास. काय लाल घालायचं ते तुमचं तुम्ही बघा. आणि लोक घालतात! जो माणूस काळ्या बो टायचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो, तोच लाल टीशर्ट, लाल चष्मा, लाल मोजे घालून येतो. मला यातलं मर्म असं वाटतं की लोकांना नटायचा कंटाळा नाही. कुणीतरी दारात उभं राहून पास-नापास करणार, याचा कंटाळा आहे. माझ्या जागेवरचा माणूस काढला की निम्मा विरोध मावळतो.

मग काही कंपन्या तरी अजून फॉर्मल नाइट का धरून आहेत? फोटो विकले जातात हे एक. दुसरं, सात दिवसांच्या फेरीत एक रात्र वेगळी वाटली पाहिजे, नाही तर सगळ्या रात्री एकीसारख्या एक होतात. आम्हाला आत काम करतानाही फरक कळायचा. त्या रात्री आवाज खाली येतो, लोक हळू जेवतात, पोरं पळत नाहीत, आणि "प्लीज" जास्त ऐकू येतं. मला ती रात्र आवडायची. पाय दुखायचे तरी.

आता तुमच्यापुरतं. साडी न्या, पण वजनदार पैठणीच्या मोहात पडू नका. चंदेरी, महेश्वरी किंवा मऊ रेशमी, घडी बसली तरी शोभणारी. पैठणी नेलीच तर जेवायला किमान वीस मिनिटं आधी निघा, कारण लिफ्टपासून टेबलापर्यंत अनोळखी बायका थांबवून फोटो काढतील. पदराला पिन जास्त लावा. डेकवर क्षणभर जरी बाहेर गेलात तरी अलास्काचा वारा पदर सोडत नाही. शाल हवीच, कारण डायनिंग रूमचा एसी सूट घातलेल्या पुरुषांच्या हिशोबानं लावलेला असतो. उंच टाचा घरी ठेवा. मोकळ्या समुद्रात जहाज हलतं तेव्हा जिन्यावर हात कठड्याला लागतो, पर्स सांभाळायला उरत नाही.

मिस्टरांना सांगा, टाय नको असेल तर नका बांधू. गडद पॅन्ट, पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि वर बंदगळा. बंदगळा हा फॉर्मल नाइटवर आपल्याकडचा सगळ्यांत बिनतोड उपाय आहे. गळा बंद, टायचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि क्युनार्डच्या गालालासुद्धा तो राष्ट्रीय पोशाख म्हणून मान वर करून जातो. बंदगळा नसेल तर शर्टावर नेहरू जॅकेट, तुमच्या जहाजावर तेवढं पुष्कळ झालं. पायात काळे बूट, असे की जे शहरात फिरायलाही चालतील, म्हणजे वेगळी जोडी नको. आणि एवढंही नको असेल तर त्या रात्री वर बुफेत जा, कुणी काही म्हणणार नाही. फक्त तिथे लॉबस्टर आणि बेक्ड अलास्काची मिरवणूक बहुधा नसते.

इस्त्री मात्र घरून नेऊ नका, छोटी प्रवासी सुद्धा. आगीच्या भीतीनं केबिनमध्ये इस्त्री आणि वाफेचं यंत्र दोन्ही चालत नाही, बॅग तपासताना काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. काही जहाजांवर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली असते, तिथे इस्त्री मिळते. फॉर्मल नाइटच्या दुपारी तिथे जी रांग आणि जी भांडणं होतात ती बघण्यासारखी. नाही तर केबिन स्टीवर्डला सकाळीच कपडे द्या, पैसे खात्यावर लागतात. साड्या गुंडाळी करून नेल्यात तर तेवढंही लागणार नाही.

जूनमध्ये तिथे रात्री नऊ-दहापर्यंत उजेड असतो. दुसऱ्या सीटिंगला बसलात तरी खिडकीबाहेर डोंगर दिसतील. आणि एखादा देवमासा पाण्याबाहेर आला की टक्सिडो, पैठणी, जीन्स सगळे एकदम उठून खिडकीला चिकटतात, आमचं सूप थंड होतं.

शेवटच्या दिवशी जहाज बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी काही तास थांबेल. ते प्रेमापोटी नव्हे. 1886च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी निशाणाच्या जहाजाला सिएटलहून सिएटलला येताना मध्ये एखादं परदेशी बंदर करावंच लागतं. त्या रात्री कुणीही नटत नाही. सगळे बॅगा भरण्यात गुंतलेले असतात, कारण झोपण्याआधी बॅग चिठ्ठी लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायची असते आणि ती थेट सकाळी धक्क्यावर मिळते. इथे एक सांभाळा : सकाळी घालायचे कपडे बाहेर काढून मगच बॅग बंद करा. एका फेरीत एका गृहस्थांनी सगळं काही शिस्तीत भरलं, बॅग बाहेर ठेवली, आणि पहाटे उठून बघतात तर अंगावर पायजमा आणि कपाटात विसरलेला टक्सिडो. आठवडाभर दोन्ही फॉर्मल नाइटना बुफेत जेवलेला हा माणूस, शेवटच्या सकाळी सात वाजता बो, कमरबंद, काळे बूट अशा थाटात ऑम्लेटच्या रांगेत उभा होता.